सातपुड्याची यात्रा : निघण्यापूर्वी भाविकांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

महाराष्ट्राच्या नकाशात वायव्येच्या टोकाला नंदुरबार जिल्हा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. जिल्ह्यातून तापी वाहते, उत्तर सीमेवरून सुमारे ५४ कि.मी. नर्मदा वाहते आणि या दोन नद्यांच्या मध्ये सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. तापीकाठचा प्रदेश सपाट, काळ्या मातीचा, ऊस-केळी-मिरचीचा आहे. शहादा किंवा तळोदा मागे टाकून उत्तरेकडे वळले की थोड्याच वेळात भूमीचे रूप पालटते. अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा हे दोन तालुके बहुतांशी डोंगराचेच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी जवळजवळ ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. डोंगरातील वस्ती भिल्ल व पावरा समाजांची असून ती एका जागी दाटलेली नसते. एकेक घर एकेका टेकडीवर, आपापल्या शेतात असते. 'गाव आले' असे चालक सांगतो तेव्हा दिसते ते एकच घर, याचे नवख्यास नवल वाटते.

या डोंगरात तीर्थस्थाने पुष्कळ आहेत. तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा हे क्षेत्र 'दक्षिण काशी' म्हणून प्रसिद्ध आहे. केदारेश्वर व पुष्पदंतेश्वर यांच्या दर्शनास आलेले अनेक भाविक तेथूनच पुढे उत्तरेस जाण्याचा विचार करतात. तोरणमाळला गोरक्षनाथांचे स्थान आहे. अक्राणी तालुक्यात अस्तंब्याचे शिखर आहे. अक्कलकुवा तालुक्यातील डाब हे याहामोगी मातेच्या कथेशी जोडलेले गाव आहे. आणि सर्वांच्या पलीकडे, खोल दऱ्यांच्या तळाशी, नर्मदामाई आहे. ही सर्व स्थाने पाहून येणे शक्य आहे. मात्र मैदानी तीर्थक्षेत्राला जावे तसे तेथे जाता येत नाही.

या प्रवासास निघालेला भाविक साधारणतः दोन गोष्टींना भितो. एक रानातील जनावर आणि दुसरी लूटमार. दोन्हींबाबत सावध असावे, परंतु गेल्या काही वर्षांत या भागात यात्रेकरूंवर जे प्राणघातक प्रसंग ओढवले ते निराळेच होते. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यातील भुषा येथे नर्मदेच्या जलाशयात भाविकांनी भरलेली नाव बुडाली. क्षमतेपेक्षा अधिक माणसे तीत बसलेली होती आणि मृतांमध्ये लहान मुलेही होती. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन धनत्रयोदशीला, अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांचे पिकअप वाहन चांदशैली घाटात कोसळले आणि आठ जणांचा मृत्यू झाला. एका प्रसंगी पाणी, दुसऱ्या प्रसंगी घाट. पण दोन्ही वेळी माणसे देवाच्या कार्यासाठीच निघालेली होती. यास्तव या लेखात जंगलापेक्षा वाहन आणि नाव यांविषयी अधिक लिहिले आहे.

अस्तंब्याची वाट

अस्तंबा हे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३२५ मीटर उंच आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थाम्याने निद्रिस्त द्रौपदीपुत्रांचा वध केला, त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेण्यात आला आणि तीन सहस्र वर्षे भटकत राहण्याचा शाप त्यास मिळाला, ही कथा सर्वश्रुत आहे. तो अश्वत्थामा याच डोंगरात वावरतो, मस्तकावरील जखमेसाठी तेल मागतो आणि वाट चुकलेल्या भाविकास मार्ग दाखवतो, अशी येथील श्रद्धा आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेशातून मोठ्या संख्येने लोक येथे येतात. त्यांत आदिवासी भाविक बहुसंख्य असतात. कित्येक घराण्यांत पिढ्यानपिढ्या या यात्रेचा नेम चालत आला आहे.

तळोद्याहून कोठारमार्गे पायी जाणारे भाविक पुष्कळ आहेत. इतर जण वाहनाने डोंगरातील अस्तंबा गावापर्यंत जाऊन तेथून चढतात. शिखराकडील अखेरचा टप्पा उभा आणि अरुंद आहे. पहाटे माथ्यावर पोहोचावे म्हणून पुष्कळ जण रात्रीच चढू लागतात. अश्वत्थामा वाट दाखवतो यावर श्रद्धा असावी, पण हाती बॅटरीही असावी. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये. तो मोबाइल पुढे साहाय्य मागण्यासाठी लागेल आणि त्यातील वीज तोवर संपलेली असेल. एका कुटुंबात निदान दोन बॅटऱ्या ठेवाव्यात. चढताना जितके बळ लागते त्याहून अधिक काळजी उतरताना घ्यावी लागते. दम चढताना लागतो, पण गुडघे उतरताना दगा देतात आणि पाय घसरतो तोही उतरतानाच. तळवा घट्ट धरणारी, वापरून सैल झालेली पादत्राणे घालावीत. यात्रेसाठी म्हणून घेतलेली नवी कोरी पादत्राणे दोन तासांत फोड आणतात.

पाणी प्रत्येकाने आपले आपण बाळगावे, निदान दोन लिटर. वाटेवरील झरे दिवाळीच्या सुमारास वाहते असले, तरी हजारो पावले पडून गेल्यावर ते पाणी पिण्याजोगे राहत नाही. गूळ-शेंगदाणे, दशम्या, भाजलेले फुटाणे असे न नासणारे खाणे बरोबर असावे. मधुमेह असणाऱ्यांनी औषध व साखर दोन्ही खिशात ठेवावीत, थैलीत नव्हे. थैली बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावर असते. हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी शिखराचा आग्रह धरू नये. पायथ्याशी थांबून केलेल्या नमस्कारात उणेपणा नाही. हे सांगावे लागते, कारण घरातील वयोवृद्धांना 'आता एवढे आलोच आहोत' म्हणून पुढे ओढले जाते, आणि मग त्यांना झोळीत घालून खाली आणण्याचे काम गावच्या तरुणांवर येते.

अर्पण करावयाचे तेल लहान धातूच्या डबीत न्यावे व डबी परत आणावी. डोंगरावर प्लास्टिकच्या बाटल्यांचे ढीग साचतात. ते पावसाळ्यात खालच्या नाल्यांत जातात आणि त्याच नाल्यांचे पाणी खालची वस्ती व गुरे पितात.

घाट आणि वाहन

चांदशैली घाट तळोद्याकडून धडगावकडे जातो. यात्रेकरूस तो वर्षातून एकदा भेटतो, डोंगरातील माणसांस मात्र तो रोजचा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून हा रस्ता बंद झाला असता एका गावकऱ्यास आपल्या आजारी पत्नीस खांद्यावर घेऊन चालत निघावे लागले आणि वेळेवर उपचार न मिळाल्याने तिचा मृत्यू झाला. यात्रेच्या दिवशी वळणावर आडवी लावलेली गाडी तीच अडचण दुसऱ्या एखाद्या रुग्णास करू शकते. म्हणून घाटात छायाचित्रासाठी, न्याहारीसाठी किंवा गाडी तापली म्हणून थांबायचे झाल्यास वळण सोडून, रस्ता मोकळा ठेवून थांबावे.

वाहन ठरवताना भाड्यापेक्षा दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात. पहिली म्हणजे वाहन माणसांचे आहे की मालाचे. पिकअप, टेम्पो, ट्रॉली ही मालाची वाहने आहेत. त्यांत बसण्यास आसन नसते, धरण्यास आधार नसतो आणि उभी माणसे वळणावर एका बाजूस कलली की वाहनाचा तोलच जातो. धान्याची पोती बांधलेली असतात, माणसे बांधलेली नसतात. गावाकडे दुसरे साधन मिळत नाही म्हणून लोक अशा वाहनांत बसतात, ही वस्तुस्थिती आहे. त्यात गरीब भाविकास दोष देणे योग्य नाही. परंतु बाहेरून येणाऱ्या मंडळांना बस अथवा जीप ठरवणे शक्य असते, आणि वर्गणी वाचावी म्हणून पिकअप घेतले जाते तेव्हा ती बचत फार महाग पडू शकते. यात्रेकरूंच्या प्रवासासाठी दान देऊ इच्छिणाऱ्यांनी महाप्रसादाच्या आणखी एका पंगतीऐवजी एका बसचे भाडे दिले तर ते अधिक उपयोगी ठरेल.

दुसरी गोष्ट म्हणजे चालक किती वेळ झोपला आहे. भाविक शिखरावर जातात तेव्हा चालक खाली विश्रांती घेत असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तोही बहुधा दर्शनास गेलेला असतो, किंवा गर्दी-गोंगाटात रात्रभर जागलेला असतो. परतीच्या वेळी सगळे डोळे मिटून बसतात आणि एकट्या त्यालाच डोळे उघडे ठेवावे लागतात. परत निघण्यापूर्वी चालकास तीन-चार तास झोप मिळेल अशी व्यवस्था करावी, त्यासाठी सर्वांना थांबावे लागले तरी चालेल. उतारावर गाडी ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरवावी. इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे घातक आहे. सतत ब्रेक दाबल्याने ब्रेक तापतात व लागेनासे होतात. चालकाच्या शेजारी मंडळातील एक जबाबदार व्यक्ती जागी बसवावी. सूर्यास्तानंतर अनोळखी घाट उतरू नये. पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या पहाटे धुके असते. ते विरेपर्यंत थांबावे.

तोरणमाळ

तोरणमाळचा प्रवास त्यामानाने सोपा आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूरमार्गे सुमारे ५५ कि.मी. अंतर असून शेवटी सातपायरी घाट लागतो. पठाराची उंची सुमारे १,१५० मीटर आहे. गोरक्षनाथ मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुंफा, यशवंत तलाव व सीताखाई ही स्थाने एका दिवसात पाहून होतात. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. त्या वेळी निवासाची सोय पूर्वी ठरवल्यावाचून कुटुंबासह जाऊ नये. सीताखाईच्या कड्याजवळ मुलांचा हात सोडू नये. डिसेंबर-जानेवारीत येथे तसेच डाब परिसरात कडाक्याची थंडी पडते. तापीकाठी दुपारी घाम आला म्हणून गरम कपडे प्रकाशात ठेवून निघालेल्यांची रात्री फार तारांबळ उडते.

नर्मदेचा काठ

नर्मदा परिक्रमेतील शूलपाणीच्या झाडीविषयी मराठी वाचकांस बरेच ऐकून माहीत असते. परिक्रमावासीयांस भिल्ल लुटतात, अंगावरील वस्त्रही ठेवत नाहीत, आणि ही मैयाची परीक्षा समजावी, असे जुन्या आठवणींतून सांगितले जाई. ते काळाने बदलले. आज याच वाटेवरील पाड्यांवर परिक्रमावासीयांस चहा, भाकर आणि पडवीत निजण्यास जागा मिळते. देणाऱ्याच्या घरी स्वतःपुरते धान्य पुरेसे असेलच असे नसते. असे असूनही काही यात्रेकरू भीतीपोटी घरधन्याकडे संशयाने पाहतात, पिशवी उशाशी घेऊन बसतात. घरधन्यास हे दिसते आणि त्याचे वाईटही वाटते.

झाडीही पूर्वीची राहिली नाही. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. काठाकाठाने जाणारी जुनी पायवाट पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही बुडाले. नवे मंदिर गुजरातेत गोरा येथे आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकांतील वाटा व मुक्काम प्रमाण मानून निघू नये. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचून परिक्रमेची ओढ लागलेले अनेक आहेत, आणि ते पुस्तक वाचावेच. पण त्यातील नदी वाहती होती, येथे आता सरोवर आहे. बडवानीकडून येणारे पायी परिक्रमावासी सध्या डोंगरावरून भादल, बिलगाव, काठी, मोलगी अशा गावांकडून जातात. वाहनाने परिक्रमा करणारे खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा हा मार्ग घेतात, कारण नर्मदा उजव्या हातास ठेवावयाची व ओलांडावयाची नाही हा नियम या मार्गाने पाळला जातो. पायी जाणाऱ्यांनी प्रत्येक मुक्कामी पुढच्या मुक्कामाची चौकशी करावी व शक्य तेथे गावातील वाटाड्या घ्यावा. त्याची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती आधी ठरवून, हातात द्यावी. आशीर्वादाने त्याची चूल पेटत नाही.

नावेत बसताना फार जपावे. हे पाणी वरून शांत दिसते, परंतु खाली बुडालेल्या टेकड्या व झाडांचे शेंडे आहेत, पातळी धरणानुसार वरखाली होते आणि दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. काठ गाळाचा असून पाऊल एकाएकी खोल जाते. जलाशयात मगरी आहेत. स्नान गावकरी सांगतील त्याच जागी, काठाशी बसून लोट्याने करावे. येथील लोकांस हे पाणी ओळखीचे आहे. २०२० साली साथीच्या काळात चिमलखेडी येथील एका अंगणवाडी सेविकेने स्वतः नाव वल्हवत अलिगाट व दादर या पाड्यांवरील बालकांपर्यंत आहार पोहोचवला. तेव्हा नावाड्याने 'आज नको' म्हटले तर ते निमूट ऐकावे, त्यास अधिक पैशांचे आमिष दाखवू नये. नावेत किती माणसे बसावीत हे प्रथम विचारावे, आणि तितकी बसल्यावर उरलेल्यांनी दुसऱ्या खेपेची वाट पाहावी, मग मुहूर्त टळला तरी हरकत नाही. जीवरक्षक जाकिटे असतील तर ती घातल्यावाचून आणि मुलांना घातल्यावाचून पाय नावेत ठेवू नये. पाण्यात असताना दर्शनासाठी वा आरतीसाठी सर्वांनी एकाच बाजूस उठून उभे राहणे टाळावे.

देणगी व दान

सातपुड्यात जाणाऱ्या भाविकांच्या मनात काही द्यावे असे येते, आणि ते स्वाभाविक आहे. पण गाडीच्या खिडकीतून मुलांकडे बिस्किटे वा गोळ्या फेकू नयेत. मुले रस्त्यावर धावतात, त्यात अपघात होतो, आणि हात पसरण्याची सवय लागते ती वेगळीच. जुने कपडे गाठोड्याने आणून शाळेच्या पडवीत टाकून जाणे हेही दान नव्हे. त्यांतील निम्मे वापरण्याजोगे नसतात. काय लागते ते गावचे सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक किंवा आशा सेविका यांना आधी विचारावे. उत्तर बहुधा अनपेक्षित असते. कोठे पाण्याची टाकी हवी असते, कोठे शाळेला घोंगड्या, कोठे नावेसाठी चार जीवरक्षक जाकिटे. पावती घेण्यास व मागण्यास संकोच करू नये. मोहाची फुले, चारोळी, आमचूर अशा वस्तू विकत घेताना घासाघीस न करता योग्य भाव दिला, तर तेही सहाय्यच आहे. धडगावचा आमचूर घरी नेण्याजोगा आहे.

होळीच्या दिवसांत काठी येथील होळी पाहण्यासही अनेक जण जातात. तो तेथील लोकांचा धर्मविधी आहे. कॅमेरा रोखण्यापूर्वी अनुमती मागावी, विशेषतः स्त्रियांचे छायाचित्र घेताना. देवस्थानाजवळ पादत्राणे कोठे काढावीत, कोठून पुढे जाऊ नये, हे गावचा पुजारी सांगेल तसे करावे.

निघण्यापूर्वी

नंदुरबार हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे. तेथून शहादा, तळोदा, अक्कलकुवा येथे एस.टी. बसने जाता येते. डोंगरात बसफेऱ्या मोजक्याच असतात, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बसची वेळ जातानाच बसस्थानकावर विचारून घ्यावी. पेट्रोल-डिझेल शहादा, तळोदा किंवा अक्कलकुवा येथे भरून घ्यावे. दहा-वीस-पन्नासच्या नोटा बरोबर ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर या काळात आतील गावांकडे जाणे टाळावे. एप्रिल-मे मध्ये सपाटीवर तापमान चाळीस अंशांवर जाते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत चांगला.

मोठी रुग्णालये खाली, शहादा, तळोदा व नंदुरबार येथे आहेत. डोंगरात धडगाव व मोलगी येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. सर्पदंश झाल्यास दंशाची जागा कापू नये, दोरीने घट्ट आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये; अवयव हलू न देता रुग्णास रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ व पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मात्र दऱ्यांमध्ये मोबाइल लागत नाही. लागला तर नुसते 'घाटात आहोत' असे सांगून उपयोग होत नाही. गावाचे नाव, पाडा, तालुका आणि शेवटी ओलांडलेला पूल किंवा नाला सांगावा, यासाठी जाताना वाटेवरील पाट्या वाचत जाव्या. मुक्काम सोडताना मंडळातील सर्वांची नावे, वाहनाचा क्रमांक, चालकाचे नाव आणि परतीची अपेक्षित वेळ एका कागदावर लिहून मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावी. सुखरूप परत आल्यावर, किंवा परस्पर दुसऱ्या मार्गाने घरी गेल्यास तेथून, तसे आठवणीने कळवावे, म्हणजे शोधासाठी रात्री माणसे डोंगरात पाठवावी लागणार नाहीत.